वैद्यबुवांचं शेवटचं गिऱ्हाईक

वैद्यबुवा हे त्यांचं नाव नव्हे. घराण्यात कधी कुणी मुळ्या उगाळल्या नाहीत की कुणाची नाडी धरली नाही. पण एखाद्या दुकानातलं कॉम्प्युटरचं मशीन रुसलं, की हे गृहस्थ यायचे, खोक्यासमोर गुडघे टेकायचे, त्याच्या पत्र्याला उजवा कान लावायचे आणि डोळे मिटायचे. मालक, कारकून, समोरची गिऱ्हाइकं, सगळे श्वास रोखून उभे. मिनिटभरानं बुवा डोळे उघडून निदान सांगायचे. "पंखा घासतोय." नाहीतर, "डिस्क थकलीय. आठवडा काढेल." आणि ती डिस्क बरोब्बर आठवडा काढायची. रंगमंचावर अशी शांतता मिळवायला नटाची अर्धी हयात जाते. यांना ती रोज दोन-तीनदा फुकट मिळत होती.

कान मामांचा. मिसरूड फुटायच्या वयात ते मामांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसायला लागले, तेव्हा मामांनी पहिल्या दिवशी हातात स्क्रूड्रायव्हर दिला नाही. "आधी कान लाव, मग हात लाव," एवढंच म्हणाले. पुढे रेडिओ गेले, टीव्ही आले, टीव्हीनंतर कॉम्प्युटर आले. मामाही गेले. कान राहिला.

ऐन बहरात बुवांकडे चौतीस दुकानं होती. छापखाना, बियाण्यांचं दुकान, बसचं बुकिंग ऑफिस, दोन दवाखाने, कानाची यंत्रं विकणारा एक गृहस्थ, लाकडाची वखार. कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या मोरीशेजारी बुवांनी बसवलेलं मशीन घुमत असे. त्या धंद्याची सगळी जंत्री त्यात, आणि धंद्याची वेबसाइटही त्यातूनच चाले. चौतीस खोल्यांच्या चौतीस किल्ल्या बुवांच्या कमरेला. बायको म्हणायची, "तुम्ही गल्लीच्या तोंडाशी आलात की मी चहाचं आधण ठेवते. घंटा बांधलेला बैल परवडला."

बुवांचे नियम दोन. एक, मशीन कधी बंद करायचं नाही. दोन, प्रत्येक मशीनला शेजारी एक जुळं हवं, म्हणजे एकानं मान टाकली तर दुसरं उभं राहील. पहिला नियम त्यांनी ठेच लागून शिकलेला होता. धंद्यात नवखे असताना बियाण्यांच्या दुकानातलं मशीन त्यांनी धूळ झटकायला म्हणून दहा मिनिटं बंद केलं. ते परत उठलंच नाही. पाच हंगामांची नोंद गेली, आणि तो सहा फुटी मालक पोत्यावर बसून लहान मुलासारखा रडला. तेव्हापासून बुवांनी लावलेल्या प्रत्येक बटणावर त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी डकवलेली असे: 'चालू आहे तोवर जिवंत आहे. हात लावू नये.' झाडणाऱ्या बायकासुद्धा त्या खोक्याला वळसा घालून झाडत.

मग दुकानं गळायला लागली. भांडण नाही, तंटा नाही. छापखाना बंदच पडला. बसचं ऑफिस एका मोठ्या कंपनीनं गिळलं. वखारवाल्याच्या मुलांनी वखारीचे तीन तुकडे केले आणि मशीन कुणाच्याच वाट्याला घेतलं नाही. कानाची यंत्रं विकणारा मात्र चांगल्या चालत्या धंद्यात सोडून गेला. गावातच कुणीतरी छोटी होस्टिंग कंपनी काढली होती. तुमची वेबसाइट, तुमची यादी, सगळं त्यांच्या मशीनवर ठेवायचं आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची.

"किती घेतात?" बुवांनी विचारलं होतं.

"चार माणसांच्या चहाला लागतील तेवढे."

"तेवढ्यात चहाच मिळतो," बुवा म्हणाले. "बघू, एक पावसाळा काढतात का."

त्यांनी तीन पावसाळे काढले. एकदा तो कानाच्या यंत्रांचा गृहस्थ रस्त्यात भेटला तेव्हा बुवांनी सहज विचारल्यासारखं केलं, "चालू आहे ना?"

"कोण?"

"मशीन हो. तुमची वेबसाइट."

"अहो, असं काही आहे हे मी विसरूनच गेलोय!" तो हसत म्हणाला आणि पुढे गेला. नाटकातल्या माणसाला कुणी 'तुम्ही कोण' म्हटलं तर चालतं. 'अजून नाटकं होतात का' म्हटलं, तर ते लागतं.

साठी उलटली तेव्हा कमरेला एकच किल्ली उरली होती. एक किल्ली वाजत नाही. बायकोनं चहाचं आधण अंदाजानं ठेवायला सुरुवात केली होती.

ती किल्ली पोशाखवाल्या बाईंच्या दुकानाची. बाई नाटकांना, शाळांच्या कार्यक्रमांना, मिरवणुकांना पोशाख भाड्यानं देत. दुमजली दुकान, खालपासून वरपर्यंत रांगा. राजांचे झगे, शिपायांचे कोट, न्यायाधीशांचे काळे डगले, पऱ्यांचे पंख, डब्यांत दाढ्या, पेट्यांत मुकुट. आत शिरलं की कापूर, घाम आणि जुन्या रंगाचा वास यायचा. ज्यानं तोंडाला एकदा रंग लावला आहे त्याचे पाय त्या वासानं तिथेच अडखळावेत असा. अकरा हजार नग. प्रत्येकाचा फोटो, माप आणि कुठल्या तारखेला कुणाकडे जाणार, हे सगळं मागच्या खोलीतल्या मशीनमध्ये. मशीन एका बाजूला, त्याचं जुळं दुसऱ्या बाजूला, आणि मधे खुंटीवर टांगलेले सतरा टोप, डोकी नसलेले. बुवा दर मंगळवारी आणि शनिवारी येत, कान लावत, आणि बाईंसमोर बसून चहा पीत. बाईंची आणि त्यांची ओळख सव्वीस वर्षांची.

रस्ता खोदणाऱ्यांनी एका शुक्रवारी इंटरनेटची तार तोडली आणि दोन दिवस दुकानाचं मशीन जगाला दिसेनासं झालं. ऐन नाटकांचा हंगाम. बाईंनी नोंदी चिठ्ठ्यांवर केल्या, सूनबाईनं फोनवर केल्या, आणि एकच किरमिजी झगा दोन नाटक मंडळ्यांना कबूल झाला. ज्यांना तो मिळाला नाही त्यांच्या राजानं न्यायाधीशाचा डगला घालून राज्य केलं. प्रेक्षक हसले. पण मंडळीचा म्हातारा व्यवस्थापक दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन नुसता डगला टेबलावर ठेवून गेला. ते बाईंना शिवीपेक्षा जास्त झोंबलं.

"आई, आता पुरे," सूनबाई म्हणाली. "मागच्या खोलीत नाही ठेवायचं आता काही."

सूनबाई वाईट नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रात. दुकान तिनं अंगावर घेतलं होतं. ती पहाटे उठून दाढ्या विंचरायची. तिनं दूरची मशीनं भाड्यानं देणाऱ्या एका बड्या क्लाउड कंपनीचा विक्रेता बोलावला. तो टाय लावून आला, मुकुटांच्या पेटीवर बसला आणि पाऊण तास बोलला. जगातली मोठमोठी दुकानं आमच्याकडेच आहेत म्हणाला. तुमच्याकडे एका क्षणी लाख माणसं आली तरी आमचं मशीन डगमगणार नाही म्हणाला.

"लाख माणसं?" बाई म्हणाल्या. "माझ्याकडे पऱ्यांचे पंखच चाळीस आहेत."

तो गेल्यावर सूनबाई बुवांकडे वळली. "काका, तुम्ही सांगा. तुमच्यावर सोडते. आपल्याला खरंच एवढं मोठं लागेल का? दुसरं काही साधं असेल तर तेही सांगा."

प्रश्न सरळ होता, आणि उत्तर बुवांना ठाऊक होतं. हंगामात दिवसाला चारशे माणसं या दुकानाची यादी बघत, एरवी पन्नास. त्या छोट्या कंपनीत हे सगळं आरामात मावलं असतं. पण तिथे बुवांना काही काम उरलं नसतं. कान लावायला खोकं नाही, मंगळवार नाही, शनिवार नाही. बड्या कंपनीचा कारभार मात्र असा गुंतागुंतीचा, की कुणीतरी माहीतगार माणूस कायमचा लागणार. हे सगळं बुवांच्या मनात एखादा संवाद आठवायला लागतो तेवढ्या वेळात येऊन गेलं.

"लागेल," ते म्हणाले. "मी शिकून घेतो. मी करतो सगळं."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "वैद्य म्हणतायत तर लागत असेल."

एकसष्टाव्या वर्षी माणूस शिकायला बसला की त्याची दया येते आणि कौतुकही वाटतं. बुवांनी वही घातली. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून ते सकाळी सातपासून बसायचे आणि बायको ताटं मांडीवर घेऊन जेवायला लावायची. पडद्यावर मशीनं विकत नाही, भाड्यानं मिळत. एक बटण दाबलं की कुठेतरी दूर एक मशीन तुमच्या नावानं चालू व्हायचं. दिसायचं नाही, ऐकू यायचं नाही. बुवांनी दोन वेळा नकळत पडद्याला कान नेला होता, आणि बायकोनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

आणि बुवांनी तिथेही तेच केलं जे ते छत्तीस वर्षं करत आले होते. एक मशीन घेतलं. विक्रेत्यानं सांगितलं तसं दणकट. त्याला जुळं घेतलं. सरावासाठी एक वेगळं उघडलं होतं, त्यात चूक झाली म्हणून दुसरं उघडलं, पण पहिलं बंद केलं नाही. बंद केलेलं मशीन उठेल याची काय खात्री? सरावाच्या दोन्ही मशीनांनाही जुळी दिली. फोटो चढवताना एक लागलं, तेही राहू दिलं. अकरा हजार नगांचे फोटो त्यांनी मूळच्या मोठ्या आकारात चढवले, कारण मूळ वस्तूला कात्री लावायची नाही हा मामांचा आणखी एक धडा. महिनाभरात बुवांच्या नावानं सात मशीनं अहोरात्र घुमत होती. त्यांतल्या पाचांना काहीच काम नव्हतं.

पहिले दोन महिने कंपनीनं नव्या नवरीसारखे कोडकौतुकात काढले. त्या दोन महिन्यांचे पैसेच घेतले नाहीत. दुकानाची यादी सुरेख चालत होती. सूनबाई खूश, बाई निश्चिंत. बुवा मंगळवारी आणि शनिवारी येतच होते. मागच्या खोलीत टोपांखाली खुर्ची टाकून पडद्यावरचे हिरवे ठिपके मोजायचे: सात. सगळे जिवंत.

तिसऱ्या महिन्याचं बिल पूर्ण आलं. सूनबाईला वाटलं, आकडा छापताना चूक झाली. तिनं कंपनीला लिहिलं. त्यांनी नम्रपणे कळवलं की चूक नाही. मशीन जेवढे तास चालू तेवढ्या तासांचं भाडं, मग तुम्ही वापरा की न वापरा. शिवाय आत माल ठेवायला जवळजवळ फुकट, पण गिऱ्हाइकानं फोटो पाहिला की तो बाहेर जातो, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फोटोवर जकात. मोठा फोटो, मोठी जकात. शाळेतली पन्नास मुलं पऱ्यांचे पंख बघत बसली की कंपनीचा मीटर पळत होता.

सूनबाई बुवांना काही बोलली नाही. हिशेब असेल काहीतरी मोठ्या कंपनीचा, असंच तिला वाटलं. मोठं लागतं, असं काकांनीच सांगितलं होतं.

बुवांना ते कळलं इस्त्रीवाल्या मावशींकडून. मावशी दुकानात बाईंच्याही आधीपासून. मखमलीवरून वाफ अशी फिरवायच्या की झगा श्वास घेतोय असं वाटावं. शनिवारी बुवा आले तर मावशी इस्त्री बंद करून स्टुलावर बसलेल्या. दुपारचे बाराच वाजले होते.

"आज लवकर?" बुवांनी विचारलं.

"आता रोजच लवकर. या महिन्यापासून अर्धा दिवस यायला सांगितलंय." मावशी पदरानं मान पुसत होत्या. "पोरगी रडली हो सांगताना. सूनबाई. मीच तिला म्हटलं, रडतेस काय, अर्धा दिवस पाय तरी टेकतील."

"पण का?"

"वर कुठेतरी जागा भाड्यानं घेतलीय म्हणतात. लई भाडं आहे म्हणे. तुम्हीच बघून दिलीत ना? काय आहे हो वैद्यबुवा, गोदाम?"

"तसंच काहीतरी," बुवा म्हणाले.

"आणि झगे तर सगळे इथेच दिसतायत मला," मावशी म्हणाल्या. "मग तिकडे ठेवलंय काय?"

त्या दिवशी बुवांनी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि बिलाचा तपशील पहिल्यांदा नीट वाचला. मग त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. सात ठिपक्यांतला एक बंद केला. दोन मिनिटं वाट पाहून यादी उघडून बघितली. चालू होती. दुसरा बंद केला. तिसरा. प्रत्येक वेळी त्यांना तो पोत्यावर बसलेला सहा फुटी माणूस दिसत होता. पाच मशीनं मेली आणि जगात कुणालाच काही कळलं नाही. बाहेर दुकानात कुणीतरी मिशी लावून बघत हसत होतं.

पण दोन उरलीच. दणकट मशीन, त्याचं जुळं, शिवाय फोटोंची जकात. बुवांनी कागदावर मांडून पाहिलं. फोटो लहान केले, जुळं काढलं, तरीही त्या छोट्या कंपनीच्या वीसपट. मावशींचा अर्धा दिवस परत यायचा तर एकच वाट होती, आणि त्या वाटेवर बुवांना जागा नव्हती.

घरी आल्यावर ते चपला न काढताच खुर्चीत बसले. बायको सगळं आयुष्य एका वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट होती. तिनं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

"अहो, कुणी गेलं का?"

"नाही. अगं, एक विचारू? तुमच्या साहेबांनी पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हा तुला विचारलं होतं का?"

"विचारलं होतं की. म्हणाले, बाई, तुम्हीच सांगा, टाइपरायटरवर भागेल की कॉम्प्युटर घ्यावा?"

"मग?"

"मी म्हटलं, घ्या. काम लवकर होईल."

"आणि मग?"

"मग काय? काम लवकर झालं. मी घरी आले." तिनं परत वर्तमानपत्र उचललं. थोड्या वेळानं पानाआडून म्हणाली, "पहिले सहा महिने फार वाईट गेले. तुम्ही तेव्हा चौतीस दुकानं फिरत होतात. तुमच्या लक्षात आलं नाही."

बुवांना हे सोळा वर्षांनी कळत होतं.

मंगळवारी ते दुकानात गेले. बाई गल्ल्याशी बसल्या होत्या, सूनबाई जमिनीवर बसून एका कोटाला बटणं लावत होती. मावशी निघून गेल्या होत्या. बुवांनी बसायला खुर्ची घेतली नाही.

"सूनबाई, तू मला विचारलं होतंस, एवढं मोठं लागेल का. मी लागेल म्हटलं. ते खोटं होतं."

सुई थांबली.

बुवांनी सगळं सांगितलं. सात मशीनं, जुळी, फोटो. बाईंना काही उमजलं, काही नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे आपल्याकडून कुणी पोशाख नेला, घातलाही नाही, परतही केला नाही, तसं?"

"तसंच. सात पोशाख. आणि मी दर खेपेला ते मोजून खूश होत होतो."

"ती चूक झाली, काका," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "चूक मीही केली असती. पण मी विचारलं होतं. दुसरं काही साधं आहे का, असंही विचारलं होतं. तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं. छोटी कंपनी आहे, याच गावात. चार माणसांच्या चहाच्या पैशात तुमचं सगळं राहील. ती बडी कंपनी वाईट नाही, ज्याच्याकडे लाख माणसं येतात त्यानं जावं तिथे. आपल्याकडे चारशे येतात."

"मग का नाही सांगितलंत?"

बुवांनी कमरेची किल्ली काढली आणि नुसतीच हातात धरली. "तिथे माझं काम नाही," ते म्हणाले.

सूनबाईचे डोळे भरले. रागानं की कशानं, तिलाही कळलं नसेल. "मी मावशींचा अर्धा दिवस घालवला, काका. तोंड वर करून त्यांच्याशी बोलता येत नाही मला. तुम्ही नुसतं सांगितलं असतंत ना, मला काम लागतंय म्हणून, तर..." ती थांबली. तर काय, हे तिच्याजवळही नव्हतं. दुकानाला ते परवडलं असतं का, हेही नव्हतं. तिनं मान खाली घालून बटण शिवलं.

बाईंनी नेहमीसारखा दोन कप चहा ओतला आणि एक बुवांसमोर सरकवला. "वैद्य, किती दिवस लागतील तिकडे न्यायला?"

"एक दुपार."

"एक दुपार," बाई म्हणाल्या. त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला, जणू त्याचं वजन बघत होत्या. "मग आजच करा."

चहा बुवांनी प्यायला. न पिणं म्हणजे आणखी एक नाटक झालं असतं.

काम साडेतीन तासांत झालं. फोटो लहान केले. कुणाला फरक दिसला नाही. अकरा हजार नग, तारखा, मापं, सगळं छोट्या कंपनीच्या मशीनवर जाऊन बसलं. बुवांनी किरमिजी झगा शोधून पाहिला: क्षणात आला, तीन तारखांना दिलेला, चौथीला मोकळा. मग बड्या कंपनीतली उरलेली दोन मशीनंही त्यांनी बंद केली. या वेळी दोन मिनिटं थांबून यादी तपासली नाही. मागच्या खोलीतली खरी दोन खोकी मात्र सूनबाईनं येऊन विचारलं तेव्हा बंद झाली. "ही काढली तर इथे कपडे घालून बघायला आरसा लावता येईल," ती दारातून म्हणाली, आणि बोलून गेल्यावर ओशाळली. "म्हणजे नंतर. घाई नाही."

"लाव," बुवा म्हणाले. "उजेड चांगला आहे इथे."

ती तिथेच घुटमळली. "उद्यापासून मावशींना पूर्ण दिवस सांगते." मग, "काका, काही बिघडलं तर फोन कुणाला करायचा?"

"त्या कंपनीचा नंबर आहे. पण थांब, मी आधी तपासतो. असे पुष्कळ असतात. घेताना गोड बोलतात आणि नंतर फोन उचलत नाहीत."

हे बोलताना त्यांच्या आवाजाला जराशी धार आली. सूनबाईनं कागद-पेन्सिल पुढे ठेवली आणि ती गेली. बुवांनी नंबर फिरवला. उचलू नये, असं त्यांना मनापासून वाटत होतं. अशी इच्छा करणं चांगलं नाही हेही त्यांना कळत होतं, पण इच्छा काही विचारून येत नाही. चार वेळा वाजावा, दहा वेळा वाजावा, मग कुणीतरी झोपाळू माणसानं उचलून उद्या करा म्हणावं. मग ते बाहेर जाऊन म्हणतील, मी येत जाईन मधूनमधून, यांच्यावर भिस्त ठेवू नका.

दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला.

"बोला," एका मुलीचा आवाज. तरुण, थोडी सर्दी झालेली. "पोशाखांचं दुकान ना? आजच आलात तुम्ही."

बुवांनी स्वतःला सावरलं. त्यांनी एक अडचण रचली. मुद्दाम वाकडी, छत्तीस वर्षांत फक्त दोनदा पाहिलेली: एकाच वेळी दोन ठिकाणांहून एकाच नगाची नोंद झाली आणि यादीनं दोन्ही मान्य केल्या तर?

मुलीनं अर्धं मिनिट काही टाइप केलं. "एक मिनिट हं, काका, तुमची यादीच उघडते." मग म्हणाली, "ही यादी फार छान बांधलीय. इथे कुलूप आधीच घातलेलं आहे, त्यामुळे दुसरी नोंद आत शिरणारच नाही. कुणी केलंय हे?"

ते कुलूप बुवांनीच त्या झग्याच्या भानगडीनंतर घातलं होतं. त्यांना आणखी एक प्रश्न विचारायचा होता, त्याहून वाकडा. तो त्यांनी विचारला. तिनं त्याचंही उत्तर दिलं, बरोबर, आणि समजेल असं.

"रोज दुपारी मीच असते," ती म्हणाली. "सकाळी माझा भाऊ असतो. केव्हाही करा."

"बरं."

"आणखी काही मदत हवी आहे का, काका?"

भिंतीपलीकडून सूनबाईचा आवाज येत होता. ती मावशींच्या घरी फोन करून उद्या सकाळी नऊला यायला सांगत होती, आणि मावशी बहुधा ऐकू येत नसल्यानं तिला तेच पुन्हा पुन्हा सांगावं लागत होतं. बुवांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडे ती मुलगी थांबली होती. घाई करत नव्हती.

"नाही," ते म्हणाले. "काही नाही."

मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि त्या मुलीचा नंबर ठळक, वळणदार अक्षरात लिहिला.